महिनाभराची नोटीस? कुठे लिहिलंय?

घर रिकामं करायला घरमालकाने किती दिवस आधी सांगायचं? पुण्या-मुंबईत कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: एक महिना. कुठल्या कायद्यात लिहिलंय? इथे सगळे गप्प.

गप्पच राहणार. लीव्ह अँड लायसन्सवाल्यासाठी कायद्यात असा महिना नाहीच.

१९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा जुन्या भाडेकरूला जपतो. भाडं थकलं तरी मालकाने आधी लेखी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचं. त्याआधी दावाच नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, की थकबाकीपायी घर जात नाही.

पण आज पागडीची खोली मिळते किती जणांना?

बाकीच्यांच्या हातात ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा कागद. त्यांना त्याच कायद्याचं कलम २४ सरळ सांगतं: मुदत संपली, निघा. वेगळी नोटीस नाही. थांबलात तर दुप्पट भाडं, आणि मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे.

मुदतीआधीच बाहेर काढायचं असेल तर? करारात असेल ते. लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा, असं हेच कलम म्हणतं. आणि तो मजकूर तयार कोण करतं? एजंट. मागच्या गिऱ्हाइकाच्या करारातून नाव बदलून.

त्यात लॉक-इन भाडेकरूला, मोकळीक मालकाला. सही करताना हे पान वाचतो कोण? सगळ्यांचं लक्ष डिपॉझिटच्या आकड्यावर.

मग ऐन मार्चमध्ये फोन येतो. मुलीची दहावी सुरू, आणि तीस दिवसांत नवं घर, नवं डिपॉझिट, पुन्हा दलाली, टेम्पो. हा व्यवहार नव्हे, अन्याय आहे.

मालकाचीही भीती खरी आहे. घर अडकलं तर? पण त्यासाठीच तर कलम २४ आहे. ताबा लवकर मिळण्याची सोय मालकाला दिली, मग निघायला पुरेसा वेळ भाडेकरूला का नाही?

‘नोंदणी कशाला, नोटरी करू’ म्हणणाऱ्या मालकांनी कलम ५५ वाचावं. नोंदणीची जबाबदारी त्यांचीच. करार नोंदवला नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या.

आता ही नोंदणी ऑनलाइन होते. सरकारने त्याच अर्जात एक रकाना सक्तीचा करावा: नोटीस दोन्ही बाजूंना सारखी, किमान दोन महिने. रकाना रिकामा असेल, तर करार नोंदवूच नये.