‘मी बोललो’ म्हणणाऱ्यांशी कसे बोलावे
(मराठीच्या शिक्षकांसाठी)

आधी लाल पेन आणावा. ज्यांना ‘आणावे’ म्हणायचे असेल त्यांनी ते आणावे. पेन पुल्लिंगी की नपुंसकलिंगी हा वाद शिक्षकखोलीत मिटेपर्यंत वह्या तुंबवून ठेवू नयेत.

वर्गात शिरताच कोणीतरी म्हणेल, “सर, तो मला बोलला, त्याला माझी वही भेटली.” रक्तदाब सांभाळावा. माणसे भेटतात, वस्तू मिळतात, हे शांतपणे सांगावे. मुलांना ते लगेच पटते आणि मधल्या सुट्टीत ती एकमेकांना विचारतात, “डबा भेटला का?” “माझी मदत करा” असे कानी आल्यास मदतीला धावू नये, आधी “मला मदत करा” असे म्हणवून घ्यावे. मूल जिन्यावरून पडले असल्यास व्याकरण नंतर.

शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली छडी काढून घेतली, मानसिक छळही बंद केला. उरला उसासा. तो शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावा.

ऱ्हस्व-दीर्घाचा तास भरल्या पोटी घ्यावा. ‘पाणी’ दीर्घ, कारण मराठी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ. ‘की’सुद्धा दीर्घ. मग ‘आणि’ ऱ्हस्व का? कारण नियमातच तशी सूट आहे. साहित्य महामंडळाचे चौदा नियम राज्य सरकारने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले. तरीही एखादी चिमुरडी विचारतेच, “पण ‘आणि’नंच काय पुण्य केलंय?” अशा वेळी फळा पुसायला घ्यावा.

‘पानी’, ‘लोनी’ म्हणणारा मुलगा भेटला तर मात्र लाल पेन खिशात ठेवावा. त्याची आजी तसेच बोलते, आणि ‘माझी मदत कर’ असे ती जन्मात म्हणाली नसेल. वहीत ‘ण’ काढायला शिकवावे, घरातली बोली घरात राहू द्यावी. आपली रीत नेमकी उलटी: आजीच्या ‘न’वर सगळा वर्ग हसतो, आणि हिंदीवरून उतरवलेल्या जाहिरातीतली वाक्ये निबंधात ‘छान’ शेरा मिळवतात.

२७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाची बैठक हा अवघड प्रसंग. मुख्याध्यापक सांगतील, “प्रोग्रॅम एकदम ग्रँड झाला पाहिजेल, आणि फोकस फक्त मराठीवर!” इथे दुरुस्ती सुचवू नये. रजेचा अर्ज त्यांच्याच टेबलावर असतो.