कोपेर्तो कोणी खाल्ला?

बिल आलं तेव्हा आम्ही चौघे पोटावर हात ठेवून समुद्राकडे बघत होतो. खजिनदाराने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, बोट एकेका ओळीवरून खाली नेलं आणि मध्येच थांबवलं.

“कोपेर्तो. चार. कोणी मागवला?”

कोणी बोलेना.

“मी मासे खाल्ले, ते तुझ्यासमोर खाल्ले,” डॉक्टर म्हणाला.

“माझ्याकडं बघू नकोस. मला अजून भूक हाय,” कोल्हापूरकर म्हणाला.

“चार लिहिलेत. म्हणजे प्रत्येकाने एकेक खाल्लाय. लपवाछपवी नको.”

शेवटी वेटरला बोलावलं. त्याने टेबलावर थाप मारली, टेबलक्लॉथ दाखवला, पावाची टोपली दाखवली आणि आमच्या खुर्च्यांकडे हात केला. कोपेर्तो म्हणजे बसल्याचे पैसे. माणशी. खाल्लं काय, न खाल्लं काय, बूड टेकलं की लागू. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “खुर्चीवर बसण्याचे पैसे मी छत्तीस वर्षं घेतले. द्यायची वेळ पहिल्यांदाच आली.”

पुण्यातल्या एका होस्टेलच्या एकाच खोलीतले आम्ही चौघे. एकसष्टी एकत्र साजरी करायची आणि ती परदेशात, असं ठरलं तेव्हा चौघांच्याही बायकांनी एकमताने “तुम्हीच जा” म्हटलं. त्या एकमताचा अर्थ आम्हाला पुढे कळत गेला.

जागा निवडली चिंक्वे तेर्रे. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरिया प्रांतात, कड्यांना घारीच्या घरट्यांसारखी चिकटलेली पाच गावं : मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. 1997 पासून जागतिक वारसा. वारसा म्हणजे मुख्यतः दगडी बांध. डोंगर उभा कापून पायऱ्यापायऱ्यांची शेती केलेली आणि प्रत्येक पायरीला चुना-माती न वापरता नुसते दगड रचून बांध घातलेला. माझं आजोळ कोकणातलं. मी म्हटलं, “हा तर गडगा!” पण आजोबांचा गडगा हातभर उंच आणि त्यावरून भावकीशी तीस वर्षं दावा. इथे अख्खा डोंगर गडग्यांवर तोललेला आणि वर द्राक्षांचे वेल. भावकी कुठे दिसली नाही. असणारच, पण दिसली नाही.

आम्ही उतरलो होतो ला स्पेत्सियात, कारण तिथे खोल्या स्वस्त. पहिल्याच सकाळी खजिनदाराने स्टेशनवर चार कार्डं काढली. या कार्डावर पाचही गावांची रेल्वे दिवसभर हवी तितकी, डोंगरातल्या पायवाटा आणि स्टेशनांवरची स्वच्छतागृहंसुद्धा. एरवी तिथे पैसे पडतात. हे कळल्यावर आमच्या सहलीचा आराखडाच बदलला. प्रत्येक स्टेशनवर उतरलं की खजिनदार आधी बोट दाखवायचा, “जाऊन या.”

“अरे, आत्ताच मानारोलाला जाऊन आलो.”

“तो मानारोलाचा हिशेब. इथला वेगळा.”

रेल्वे ही इथली मोठी गंमत. 1874 साली जेनोवा ते ला स्पेत्सिया हा मार्ग पुरा झाला. त्याआधी या गावांना यायचं तर होडीने किंवा खेचराच्या वाटेने. रूळ मात्र जवळजवळ सगळे डोंगराच्या पोटातून. एका गावाहून दुसऱ्या गावाला चार-पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात काळोख, काळोख, एकदम निळा समुद्र, पुन्हा काळोख. समुद्र दिसतो तीनेक सेकंद. तेवढ्यात चार एकसष्टीचे गृहस्थ एकाच खिडकीवर फोन घेऊन झेपावायचे. रात्री फोटो पाहिले तर सत्तर-ऐंशी निघाले. प्रत्येकात बोगद्याची भिंत, काचेत आमची तोंडं आणि डॉक्टरचा अंगठा.

रिओमाज्जोरे ते मानारोला ही ‘प्रेमाची वाट’ समुद्राच्या कडेकडेने जाते. जेमतेम किलोमीटरभराची. 2012 मध्ये दरड कोसळून बंद पडली ती 2024 मध्ये उघडली. तिला वेगळं तिकीट आहे. खजिनदाराने आमच्याकडे एकेकाकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “या वयात, आपापसात, आणि वर पैसे देऊन?” आम्ही ट्रेनने गेलो.

दुसऱ्या वाटेवर कोल्हापूरकराने घोटाळा केला. वेर्नात्साहून मोंतेरोस्सोला डोंगरातून दीड-दोन तासांची चढण आहे. सुरुवातीच्या चौकीवरच्या बाईंनी आमची कार्डं पाहिली, हसल्या, मग त्यांची नजर खाली गेली आणि हसू मावळलं. साहेबांच्या पायात कोल्हापुरी. इथे चपला-सपाता घालून डोंगरवाटेवर जायला मनाई आहे, दंड होतो. बाईंनी फलक दाखवला.

“सपाता?” कोल्हापूरकर पेटला. “अवो बाई, ह्याच चपला तुमच्या मिलानमधी 2025 च्या जूनमधी फॅशन शोला चालल्या! पेपरात आलंय! ह्या चपलेला जीआय मिळालाय!”

हे सगळं मराठीत. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा फलकावर बोट ठेवलं. आम्ही तिघांनी “अरेरे” केलं, “मित्राला सोडून कसं जायचं” असंही म्हटलं. खरं सांगायचं तर ती चढण पाहून तिघांचेही गुडघे आधीच बोलू लागले होते. त्या चपलांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

खाण्यात मात्र आम्ही कमी पडलो नाही. मोंतेरोस्सोची खास मासळी म्हणजे आंच्योवी. ताटलीत आली तेव्हा मी ओळखली : ही आपल्या मांदेलीची बहीण. खरोखरच एका कुळातली. पेस्तोची हिरवी चटणी आली, तेव्हा डॉक्टरने वरचं पान हुंगून जाहीर केलं की ज्याचं बी सब्जा म्हणून आपण फालुद्यात घालतो तेच हे झाड. मग फारिनाता. हिची फार कीर्ती ऐकली होती. भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत, लाकडाच्या भट्टीतून, कडा करपलेली, पिवळीधमक. कागदात गुंडाळून तुकडा हातात आला. कोल्हापूरकराने एक घास खाल्ला, डोळे मिटले, उघडले.

“लेका, हे धिरडं हाय.”

होतं. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल. विमानाने इतकं लांब येऊन आम्ही बेसनाचं धिरडं खाल्लं आणि चारचारदा मागून खाल्लं. फक्त ओवा नव्हता. दुकानदार पाचवा तुकडा कापायला लागला तसा कोल्हापूरकर हात आडवा करून “बास, बास” म्हणाला. “बास्ता?” दुकानदाराने विचारलं. “बास्ता, बास!” अख्ख्या दौऱ्यात दोन्ही बाजूंना पूर्ण समजलेला तेवढाच संवाद.

शेवटच्या दिवशी कोर्निल्या. पाचांतलं हे एकच गाव समुद्राला टेकलेलं नाही; स्टेशन खाली आणि गाव शंभर मीटर वर. मध्ये विटांचा नागमोडी जिना, 382 पायऱ्या. पर्वतीला 103. म्हणजे जवळजवळ चार पर्वत्या, तेही दुपारी एक वाजता, पोटात धिरडं असताना.

खजिनदार मोजत चढला. शंभराला डॉक्टरने नाडी पाहिली, स्वतःची. दोनशेला कोल्हापूरकर खाली बसला आणि चपलांना उद्देशून काहीतरी बोलला. तीनशेच्या पुढे कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एकसष्टीच्या मैत्रीतही अशा जागा असतात. वर पोचलो तेव्हा खजिनदार घाम पुसत म्हणाला, “379.”

“382 आहेत.”

“मी 379 मोजल्या. तीनचा फरक येतोय.” आणि खरोखरच तो वळून खाली पाहू लागला. बँकेत फरक सापडल्याशिवाय घरी जात नसत म्हणे.

तेवढ्यात शेजारी एक छोटी बस येऊन थांबली. भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी उतरल्या, मागोमाग स्टेशनवर आमच्याबरोबरच उतरलेलं एक जर्मन कुटुंब उतरलं. ताजंतवानं. डॉक्टरने खजिनदाराच्या खिशातून कार्ड काढलं, उलटं केलं आणि मोठ्याने वाचलं. रेल्वे, पायवाटा, स्वच्छतागृहं आणि गावातली बस.

कोल्हापूरकर काय म्हणाला ते छापता येणार नाही. खजिनदाराने कार्ड परत घेतलं, घडी सरळ केली, खिशात ठेवलं.

“बसा,” तो बसकडे बोट दाखवत म्हणाला. “खाली जाऊन परत वर येऊ. पैसे भरलेत.”

गेलो, आणि परत वर आलो. तुम्ही कोर्निल्याला गेलात तर जिन्याकडे वळण्याआधी स्टेशनच्या बाहेर बघा, बस तिथूनच सुटते.