इंग्रजी काका

प्रत्येक सोसायटीत एक इंग्रजी काका असतात. बहुधा बँकेतून निवृत्त झालेले, खिशाला दोन पेनं आणि दिवसाला एक शब्द. तो सकाळी शब्दकोड्यात सापडतो आणि रात्रीपर्यंत भेटेल त्याच्यावर चालवला जातो. वॉचमनही सुटत नाही.

आमच्या काकांना गेल्या श्रावणात 'विम' सापडला, आणि तो काही महिनाभर उतरला नाही.

'एनर्जी' त्यांच्या लेखी बाटलेली. योगाच्या बाई पॉझिटिव्ह एनर्जी घ्या म्हणतात, वास्तुवाला निगेटिव्ह घालवायला संडासाचं दार हलवायला सांगतो, बिस्किटाच्या पुड्यावरही तीच. "विम म्हणजे नुसती शक्ती नव्हे रे," लिफ्टचं दार पायानं अडवून काका सांगतात, "अंगात सळसळते ती! मूळ लॅटिन 'विस'. त्याची द्वितीया 'विम'. रामः रामम्, तसं विस विम." वर चौथ्या मजल्यावर कोणीतरी लिफ्टच्या नावानं ओरडत असतं. काका तोवर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत पोचलेले. "तिथे चलनात आला. 'विम अँड व्हिगर'! आपलं जोर नि जोम. आता ही तुझी मेथी बघ. विम आहे का हिच्यात?"

अडचण एवढीच, की १९०४ साली लिव्हर ब्रदर्सनं विलायतेत विम नावाची घासायची पावडर काढली. पुढे तिची वडी झाली आणि मराठी घरात हा शब्द मोरीपाशी कायमचा राहायला आला. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी डबा परत करायला आल्या, तेव्हा काका सहज म्हणाले, "वहिनी, हल्ली विम कमी पडतंय तुमचं." वहिनींनी डब्याकडे पाहिलं, झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मुकाट्यानं डबा पुन्हा घासायला नेला.

गणपतीच्या आधी सभा झाली. काका उभे राहिले. "या कमिटीत विम नाही. गेल्या वर्षीही नव्हतं!" इतिवृत्त लिहिणाऱ्या पोरानं इमानेइतबारे टिपून घेतलं. मागून आवाज आला, "अगदी बरोबर. महाप्रसादाची पातेली तेलकटच राहिली होती." काकांना आयुष्यात पहिल्यांदा अनुमोदन मिळालं होतं. पुढचं काही ऐकायच्या मनःस्थितीत ते नव्हतेच.

विसर्जनानंतर हिशेब तपासायला नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे गेला. त्यात एक ओळ होती : 'वीम बार, १२ नग. सूचक : काका.'

काकांनी लाल पेनानं वेलांटी ऱ्हस्व केली आणि खाली सही ठोकली.