तेहतीस नानांचा गीझर

अहो वहिनी, ऐकलंत का? या ना जरा कुंपणाशी, तिथून ओरडायला लावू नका. माई मागल्या अंगणात धुणं वाळत घालताहेत आणि कान फार तिखट आहेत हो त्यांचे. अहो, नानांच्या सायकलीचं! जिन्याखाली स्टँडवर ठोकलेली आहे ती तुम्हाला ठाऊकच आहे. पण काल रात्रीचं कळलं का? नाही? अगं बाई, मग तुम्हाला काहीच नाही कळलं!

साडेअकराला माई टीव्ही बंद करून दाराला कडी घालायला गेल्या, तर जिन्याखालून टक टक टक टक... दिवा लावून बघतात तर सायकलीवर चिटपाखरू नाही, पेडल जागच्या जागी, आणि मागचं चाक गरागरा फिरतंय! अशी किंकाळी फोडली माईंनी, की आमचे हे झोपेतून उठून आधी काठी शोधायला लागले. नाना लुंगी सावरत आले, "हात लावू नकोस, हात लावू नकोस!" माई म्हणतात, "हात कशाला लावू? मी रामरक्षा म्हणतेय!"

भूतबीत काही नाही हो. पण ते सांगायचं तर मुळापासून सांगायला हवं.

मार्चचं वीजबिल आलं तेव्हापासून नानांच्या डोक्यात घुसलं होतं. त्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर तो जुना व्हिडिओ पाठवला. ते आपले लखनौचे मनोज भार्गव, अमेरिकेत जाऊन गडगंज झालेले, 2015 साली त्यांनी काढलेली सायकल. तासभर पेडल मारा आणि चोवीस तास वीज वापरा. आता तो माणूस बोलत होता खेड्यातल्या घराबद्दल. दोन दिवे, छोटासा पंखा, मोबाईल, बास. माईंच्या घरी फ्रीज, गीझर, मिक्सर, दोन टीव्ही! पण नानांनी ऐकलं ते एवढंच, "चोवीस तास". लगेच सांगलीच्या भंगारवाल्याकडून चोवीस व्होल्टची डीसी मोटर आली, गिरणीवाल्याकडून पट्टा आला, मागचा टायर काढून उघड्या रिमवर तो पट्टा चढला, जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी जोडली आणि वर छोटा तीनशे वॅटचा नवा इन्व्हर्टर. "पुढच्या महिन्यापासून बिल शून्य," असं देवळात चारचौघांत सांगून आले! माई तेव्हाच मला म्हणाल्या, "यांचं रिटायरमेंट मला झेपत नाही हो."

तर काय सांगत होते... हां, चैत्रातलं हळदीकुंकू. तुम्ही तेव्हा माहेरी होतात, फार मोठं चुकलं तुमचं. बायका जमलेल्या, आंबेडाळीची डाळ भिजून तयार, आणि नेमके दिवे गेले. नाना बाहेर आले ते शर्टाच्या बाह्या सरसावतच! "माई, मिक्सर लाव." बसले सायकलीवर, सुटले सुसाट. माईंनी बटण दाबलं मात्र, मिक्सर घुर्र करून गप्प आणि इन्व्हर्टर नुसता कोकलतोय, पीं पीं पीं. साडेसातशे वॅटचा मिक्सर तीनशेचा इन्व्हर्टर ओढणार कसा? नाना आपले अजून पेडल मारताहेत, घाम टपटपतोय, आणि त्यांच्या विहीणबाई अगदी गोड आवाजात विचारतात, "पाटा-वरवंटा आहे ना घरात?" माईंचं तोंड बघवत नव्हतं. पाट्यावरची डाळ छान झाली होती ते सोडा, पण तोंड!

मग त्यांची ती इंजिनिअरिंगला असलेली नात आली सुट्टीला. तिनं मीटर लावला. आजोबा जोरात असले की साडेतेरा व्होल्ट, साडेचार अँपिअर, म्हणजे झाले साठ वॅट. सावकाश मारलं तर शून्यच, कारण बॅटरीच्या व्होल्टेजच्या वर गेल्याशिवाय आत थेंबही जात नाही म्हणे. म्हणजे दुपारी पेपर वाचत वाचत तास-तास पेडल मारायचे ते सगळं पाण्यात! पोरगी मोठी वस्ताद. फ्रीजवर कागदच चिकटवला तिनं: "साठ वॅट = एक नाना". आपला साधा पंच्याहत्तर वॅटचा पंखा, त्याला सव्वा नाना लागतात. म्हणजे नानांना घाम आला तर नानांच्या जोरावर नानांना वारासुद्धा घालता येत नाही! मिक्सरला साडेबारा नाना. आणि गीझर दोन हजार वॅटचा, त्याला तेहतीस! आणि एक युनिट व्हायला नानांनी साडेसोळा तास सायकल हाणायची. युनिटला दहा रुपये धरले तर तासाची कमाई साठ पैसे. माई ताडकन म्हणाल्या, "आणि खाली उतरले की दोन पोळ्या जास्त लागतात, तूप लावून!"

नाना चिडले. म्हणे, तरुण माणूस बसला तर बघा. नातीनं लगेच मोबाईल पुढं केला. तो जर्मनीचा रॉबर्ट फोर्स्टेमान, ऑलिंपिकवाला, मांड्या नुसत्या पाहाव्यात! त्यानं सातशे वॅटचा टोस्टर चालवला सायकलीवर. जीव तोडून पेडल मारलं, शेवटी जमिनीवर आडवा झाला, आणि भाजलं काय, तर ब्रेडचा एक तुकडा. बीबीसीवाल्यांनी तर 2009 साली एका कुटुंबाच्या घराला गुपचूप ऐंशी सायकलवाले जोडले होते. घरात बसलेल्यांना पत्ताच नाही आपली वीज कोण काढतंय! आमचे हे हळूच म्हणाले, "म्हणजे आपल्या घरासारखंच." मी लक्षच दिलं नाही.

पण खरं सांगू का? मला नानांना अगदीच हसवत नाही. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि ट्रान्सफॉर्मर उडाला, तेव्हा अख्ख्या गल्लीत उजेड कुणाकडे होता? तासाभराच्या घामावर नऊ वॅटचा एलईडी पाच-सहा तास चालतो, हे काही थोडं नाही. सगळी गल्ली मोबाईल घेऊन त्यांच्या दारात. नानांचा नियमच, ज्याचा मोबाईल त्यानं पेडल मारायचं. विहीणबाईंचे यजमानसुद्धा बसले! आणि नाना बाजूला खुर्ची टाकून, "जोरात, जोरात, काटा खाली येतोय!" काय तो थाट!

अरे हो, भुताचं राहिलंच. झालं असं की साठ वॅट फार मनाला लागले होते. नानांनी कुठंतरी ऐकलं की मोटर आणि बॅटरीच्या मधला तो डायोड पाऊण व्होल्ट खातो. दिला काढून! साठाचे सत्तर करायला निघाले होते. पण तो दहा-वीस रुपयांचा डायोडच तर वीज उलटी येऊ देत नाही. तो गेल्यावर बॅटरीच मोटर फिरवायला लागली आणि मोटर चाक. नाना उतरले तेव्हा चाक फिरतच होतं, त्यांना वाटलं थांबेल आपोआप. टीव्हीच्या आवाजात टकटक काही ऐकू आली नाही, आणि रात्रीची सगळी कमाई चाकानंच उधळली. आज सकाळी नात फोनवर इतकी हसत होती की मला इथं ऐकू येत होतं. डायोड बसवला परत, मी बघितला जाऊन.

आता कसंय, बिल काही कमी व्हायचं नाही. पण नानांची शुगर उतरलीय, हे माईच सांगतात, आणि माई उगाच कौतुक करणाऱ्यातल्या नाहीत.

बरं, ते राहू दे. तुमच्या बाथरूमबाहेरचं लाल बटण मघापासून पेटलेलं दिसतंय हो मला इथून. भाऊजींची आंघोळ केव्हाच झाली ना? तेहतीस नाना फुकट पेडल मारताहेत तिकडं. आधी बंद करून या, मग विहीणबाईंचं सांगते.