महोत्सवाला फिल्म पाठवताना: जालना जिल्ह्यापुरते मार्गदर्शन

फिल्म पूर्ण झाली असे वाटले की आधी तिची लांबी मोजावी. ऑस्करच्या नियमांत लघुपट म्हणजे श्रेयनामावलीसकट चाळीस मिनिटांपर्यंतचा, आणि ही श्रेयनामावलीच आपल्याकडे महागात पडते. सरपंच, पोलीस पाटील, ट्रॅक्टर देणारे काका, शूटिंगच्या दिवशी डीजे बंद ठेवणारे गणेश मंडळ: एकही नाव गाळता येत नाही. गावात राहायचे असते. त्यातून निवड करणाऱ्यांना दहा-पंधरा मिनिटांच्या फिल्म आवडतात, कारण दीड तासाच्या खेळात त्या जास्त बसतात. म्हणून गोष्ट नऊ मिनिटांत आटपावी आणि आभार सावकाश मानावेत.

आता विषय. इथे मात्र घाई नको.

जालन्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते सगळे प्रथम विसरावे. एमआयडीसीतले सळयांचे कारखाने आणि तिथे रात्रपाळी करणारे बिहार-उत्तर प्रदेशातले कामगार, १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी काढलेली महिको आणि तिच्यामागून वाढलेला बियाण्यांचा धंदा, शेडनेटखाली मिरचीच्या एकेका फुलाचे हाताने परागीकरण करणाऱ्या बायका, मोसंबीच्या बागा, अंगारकीला राजूरच्या गणपतीकडे रात्रभर पायी निघालेली माणसे. (तापलेली लाल सळई रोलरमधून सुटते ते दृश्य मी अजून कुठल्या महोत्सवात पाहिलेले नाही. पाहायला आवडले असते. पण हे मार्गदर्शन आहे, माझ्या आवडीनिवडीची यादी नव्हे.) महोत्सवाला यातले काही नको असते. मराठवाडा म्हटले की त्यांना भेगाळलेली जमीन लागते, रिकामे हंडे लागतात आणि आभाळाकडे बघणारा एक म्हातारा लागतो. २०१२-१३च्या दुष्काळात देशभरचे कॅमेरे इथे येऊन गेले, तेव्हापासून तर ही मागणी पक्की झाली.

अडचण एवढीच की भेगा बारमाही मिळत नाहीत. ऑगस्टात शूटिंग काढले तर सोयाबीन गुडघ्यापर्यंत आणि कपाशी हिरवीगार. सप्टेंबर २०२५मध्ये तर अतिवृष्टीने मराठवाड्यातली शेते मातीसकट खरवडून नेली. पण त्यावर फिल्म केली तर निवड समितीचा गोंधळ उडेल, यांच्याकडे तर पाणी नव्हते ना? म्हणून दरसाल मे महिन्यात एखाद्या पाझर तलावाच्या तळाशी जाऊन भेगांचे भरपूर शॉट काढावेत आणि हार्ड डिस्कवर साठवून ठेवावेत. ते कुठल्याही कथेत चालतात, प्रेमकथेतही. म्हातारा त्याच दिवशी उरकून घ्यावा. वर बघा म्हटले की तो विचारतो, “आरं बाबा, मे महिन्यात काहून वर पाहू? पाऊस काय आत्ता येतो का?” त्याचे ऐकू नये.

मध्येच कुणी तरी शहाणा उदाहरणे देईल. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ला २०२३ साली टोरोंटोत नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि विषय काय, तर मुलगी पाहण्याचा कार्यक्रम. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने २०२५मध्ये सनडान्सला जागतिक कथापट विभागातले सर्वोच्च पारितोषिक पटकावले, आणि विषय काय, तर वडिलांच्या सुतकात गावी आलेला मुलगा आणि त्याचा जुना मित्र, दोघांचे प्रेम. आपल्याला नीट माहीत असलेले, घरातले काही तरी दाखवून ही मंडळी तिथवर गेली. असल्या बातम्यांनी मन विचलित होऊ देऊ नये.

अर्जातला पुढचा रकाना दिग्दर्शकाच्या मनोगताचा. परिचय तृतीयपुरुषी लिहावा, म्हणजे तो दुसऱ्याने लिहिल्यासारखा वाटतो. लहानपणी आजीच्या गोष्टी ऐकून कथाकथनाची ओढ लागली, हे वाक्य अनिवार्य. आजी रोज संध्याकाळी मालिका बघायची आणि मध्ये बोलले की ओरडायची, हे लिहू नये. (‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसला गाजला तेव्हा दामले-फत्तेलालांना आजीबद्दल काही लिहावे लागले नसावे.)

शुल्क डॉलरमध्ये असते, आणि ज्याच्याकडे डॉलर स्वीकारणारे कार्ड असते तो मित्र हिंजवडीत असतो. त्याला सहनिर्माता करावे. जितके महोत्सव तितके ओटीपी. तिसऱ्या ओटीपीला तो कार्यकारी निर्माता मागेल, तोही द्यावा.

अंतिम तारखेची भीती बाळगू नये. महोत्सव अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा असेल तर त्यांची रात्रीची ११:५९ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची दुपार: उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड. तारीख उलटून गेल्यावर जेवून-खाऊन निवांत अर्ज भरण्याची ही सोय मराठवाड्याला मानवणारी आहे. फक्त फाइल चढवायला त्याच दुपारी बसू नये, कारण नेमके तेव्हाच फीडरवर काम निघते.

प्रीमियरचा नियम सर्वांत कठीण. मोठ्या महोत्सवांना फिल्म आधी कुणी पाहिलेली नको असते, आणि ज्यांनी तीत काम केले ते सगळे गावकरी रोज पारावर विचारतात, “कधी दाखवतो रे?” त्यांना वर्षभर थांबवावे. लिंकला पासवर्ड घालावा. मामांना लिंक अजिबात देऊ नये. ते प्रेमापोटी ती यूट्यूबवर टाकतात.

नकाराची ईमेल आली तर खचू नये. यंदा विक्रमी प्रवेशिका आल्या, असे तीत असते. ते दरवर्षी असते. जवळ, साठेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ महोत्सव भरतो. पुण्याच्या पिफमध्ये मराठी चित्रपटांसाठी ‘संत तुकाराम’ नावाचा पुरस्कार आहे. पण तिथे खरे प्रेक्षक येतात आणि खेळ संपल्यावर प्रश्न विचारतात, हा धोका लक्षात घ्यावा. त्यापेक्षा दर महिन्याला भरणारे ऑनलाइन महोत्सव निर्धोक. त्यांना थिएटर नाही, खुर्च्या नाहीत, प्रेक्षक नाहीत. शुल्क भरले की पोस्टरवर लावायला दोन फांद्यांमध्ये आपले नाव मिळते. प्रशस्तिपत्राची पीडीएफ मोफत. ट्रॉफी हवी असल्यास वेगळे पैसे.

त्या फांद्या मिळाल्या की चौकात फ्लेक्स लागतो. तो आपण लावत नाही, आपल्यासाठी लागतो. वर जिल्ह्याचे नेते, मग तालुक्याचे, मग सौजन्य, मग सहनिर्माता. दिग्दर्शकाचा फोटो खालच्या ओळीत डावीकडून सातवा असतो, आणि तो बारावीच्या हॉलतिकिटावरचा असतो. मजकूर छापायला जाण्यापूर्वी दुकानात जाऊन फिल्मचे नाव घातले आहे का, तेवढे बघून यावे.