धुऱ्यावरच्या साड्या

"वयनी, तुमी दिलेली मोरपंखी साडी पाह्यली मी. बोडीखालच्या बांधीत. खुट्याइले गुंडाळून उभी हाये."

वईपलीकडून मावशीनं सकाळी सकाळी बातमी टाकली. वरच्या टोलीतल्या नवरीला मी ती साडी आहेरात दिली होती. "वर्ष तरी काढायचं तिनं," मी म्हणाले.

"नेसते कोन तशी? आहेराची साडी आता दोनच जागी जाते. दुसऱ्याच्या आहेरात, नाईतर धुऱ्यावर."

खरं आहे. आमच्या लाखनी-साकोलीकडे धान निसवायला लागलं की कुणाच्या पेटीत काय होतं ते धुऱ्याधुऱ्यानं फिरून बघावं. रंगीत कापड वाऱ्यावर हललं की रानडुक्कर बिचकतं, म्हणून सगळ्या बांध्या साड्यांनी वेढलेल्या. कुणाची जरीकाठी, कुणाची नायलॉन. एका सासूबाईंनी सुनेच्या माहेरच्याच साड्या बांधायला काढल्या, त्यावरून त्या घरात चार दिवस अबोला होता, असं मावशी सांगते. मावशी सांगते म्हणजे तो अबोला दोन दिवसांचा धरायचा.

"आन डुकरं भेतेत का साडीले?"

"पयले भेतेत. मंग खालून नाक घालतेत आन येतेत. रेशमी का सुती, त्याइले का कराचं?"

मावशीच्या म्हाताऱ्यानं तर केसांचा उपाय केला. बसस्टँडजवळच्या सलूनमधून पोतंभर केस आणून धुऱ्यावर पसरले. हुंगत आलेल्या डुकराच्या नाकात केस गेले की ते शिंकत परत फिरतं, असं म्हणतात. उपाय चांगला, पण पाऊस आला की केस चिखलात. शिवाय सगळ्या गावाला ही युक्ती कळल्यावर न्हावीदादा पोत्यामागं पैसे मागायला लागला.

"आदी म्हने, मावशी, उचलून न्या, उपकार होतीन. आता भाव सांगते! गावातल्याच बुढ्याइचे केस, आमालेच इकते."

हसलो खरं, पण परवा तिच्या बांधीत मी स्वतः जाऊन आले. दुधावर आलेल्या लोंब्या डुकरांनी चघळल्या होत्या आणि कोंड्याचे लगदे तिथंच थुंकले होते. खाल्लं त्याच्या दुप्पट लोळून आडवं केलेलं. एका कोपऱ्यात नागरमोथ्याच्या गाठींसाठी इतकं उकरलेलं की धुरा फुटून बांधीतलं पाणी खालच्या चुलतदिराच्या शेतात गेलं. म्हणजे धान गेलं ते गेलंच, वर भाऊबंदकी. चुलतदीर म्हणतो, धुरा तुम्हीच फोडला.

मावशीचा राग मग जंगलावर निघतो. आमच्याकडे वर कोका, तिकडे नागझिरा, खाली पवनीचं अभयारण्य. पण डुकराला एवढं दाट रान लागतच नाही. गावालगतचं झुडपी जंगल, गायरानातली घाणेरीची जाळी, तलावाच्या पाळीखालची बेशरम, एवढं पुरतं. दिवसा चिखलात लोळायचं, कारण अंगाला घाम सुटून ते गार होत नाही, आणि रात्री धानात. मादी चार महिन्यांच्या आत विते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं सहज. पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं पाहिली की मावशीलासुद्धा कौतुक वाटतं. फक्त दुसऱ्याच्या बांधीत दिसली पाहिजेत.

तिच्या जावेचा नातू अमेरिकेत टेक्सासला असतो. त्यानं फोनवर तिकडचा पिंजरा दाखवला. मोकळ्या कुरणात लोखंडी जाळीचा गोल वाडा, दार उघडं. रोज रात्री आत मका टाकायचा. कळप निर्धास्त होऊन सगळा आत आला की घरबसल्या फोनचं बटण दाबायचं, दार बंद! अर्धा कळप धरला तर उरलेली डुकरं शहाणी होतात, म्हणून सगळी आत येईपर्यंत थांबायचं. डुकरं तिकडची मूळची नव्हेतच, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी नेलेली. मोकाट सुटली, वाढली. म्हणून तिकडे कायदा त्यांची फार कदर करत नाही.

"मक्का काहाले टाकाचा? आमी तर अख्खं धान टाकून बसलो जी," मावशी म्हणाली. "पिंजरा सांगा ना आपल्या सरपंचाले."

सांगितला तर सरपंचच आत जाईल. आपलं रानडुक्कर 1972 च्या वन्यजीव कायद्यात आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर तर ते दुसऱ्या अनुसूचीत गेलं. नुसतं मारणं नव्हे, फासा लावणं, पिंजऱ्यात धरणं, आमिष टाकणं हीसुद्धा शिकारच धरतात. पिकं नासवणारी डुकरं मारायला वनखातं परवानगी देतं, पण परवान्याची बंदूक आणि अंधारात नेम धरणारा माणूस आणायचा कुठून? केरळात 2022 मध्ये पंचायतीच्या अध्यक्षांनाच ही परवानगी द्यायचा अधिकार दिला, असं मी सांगितल्यावर मावशी कितीतरी वेळ हसत होती. "आपल्या सरपंचाच्या हाती बंदूक? मंग डुकरं ऱ्हातीन, आपनच जाऊ."

यानंतर तिचा आवाज खाली आला. वईपाशी आवाज खाली आला की समजायचं, खरी बातमी आता आहे.

"खालच्या गावात एकानं लाईनवरून आकडा टाकला हाये मने. रातच्याले तार सोडते. कोनाले सांगू नका."

हे ऐकून मात्र मला हसू आलं नाही. खांबावरून आकडा टाकून उघडी तार शेताभोवती फिरवायची, हे आमच्या भागात नवं नाही. तार काही डुकराची वाट पाहत नाही, जो येईल त्याला धरते. नागझिऱ्याहून चालत येऊन 2013 पासून पवनी-कऱ्हांडल्याचा राजा झालेला जय वाघ 2016 मध्ये दिसेनासा झाला, त्याचं काय झालं ते आजवर कळलं नाही. पण त्याचा पोरगा श्रीनिवास 2017 मध्ये नागभीडकडे मेला तो शेतातल्या अशाच तारेनं. डुकरं खाणारा वाघच गेला, तर डुकरांचं काय वाईट झालं? आणि वाघाचं सोडा, पहाटे पाणी पाहायला गेलेला शेजारी, चारा आणायला गेलेली बाई, कधी तार लावणारा स्वतःच. रानडुकराच्या हल्ल्यात माणूस गेला तर सरकार वारसांना 25 लाख देतं. आकड्याच्या तारेनं गेला तर त्यातला एक रुपया नाही, वर गुन्हा.

"मंग कराचं का?" मावशीचा प्रश्न रास्त होता.

सौर झटका हा मला पटलेला एक उपाय. बॅटरीवर चालतो, सेकंदा-सेकंदाला झटका देऊन सोडतो. खांबावरची वीज धरून ठेवते, हा ढकलून देतो. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत बसणाऱ्या गावांना त्यावर 75 टक्के अनुदान मिळतं. डुकरासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीत-सव्वा वितेवर हवी, आणि तारेखालचं गवत कापत राहायला हवं. हे काम आमच्याकडे कुणी करत नाही, आणि मग झटका लागत नाही म्हणून ओरड.

पिकाच्या भरपाईचंही तसंच. मावशीच्या म्हाताऱ्यानं पहिल्या दिवशी चुलतभावाशी भांडण केलं, दुसऱ्या दिवशी धुरा बांधला, तिसऱ्या दिवशी आडवं धान कापून बांधी सारखी केली, आणि चौथ्या दिवशी अर्ज घेऊन निघाला. पंचनाम्याला दाखवायचं काय? चुलतभावाचं तोंड?

तेव्हा लाखनी असो की लाखांदूर, डुकरं येऊन गेली असतील तर बांधीत हात घालू नका. आधी मोबाइलवर फोटो काढा, तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज टाका, पंचनामा होऊ द्या. आणि कुणी आकडा टाकलेला कळला तर मावशीसारखं कुजबुजत बसू नका, वीज कंपनीच्या लाइनमनला त्याच दिवशी सांगा.