शंभर वॅटचे तात्या

सामुदायिक रेडिओच्या प्रक्षेपणाला आपल्याकडे साधारणपणे १०० वॅटची मर्यादा आहे. म्हणजे पूर्वी पडवीत लावायचो त्या पिवळ्या बल्बाएवढी. बारामतीत असे दोन बल्ब आहेत. विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ ९०.४ वर आणि शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ ९०.८ वर. या बल्बांचा उजेड दहा-पंधरा किलोमीटर पडतो. त्यापुढचा मुलूख तात्या सांभाळतात.

तात्या हा एक माणूस नव्हे. माळेगाव, सांगवी, सणसर, कुठल्याही गावात जा, पारावर नाहीतर गोठ्यात एक तात्या सापडतोच. वय सदुसष्टच्या आसपास. बंडीच्या खिशात विड्यांऐवजी रेडिओ, कारण विड्या डॉक्टरांनी बंद केल्या आणि रेडिओकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. घरातली बाकीची मंडळी मोबाइलात डोकं घालून बसतात. तात्या अजून काटा फिरवतात. थ्री फेज रात्री येते, तेव्हा दारं धरायला जातानाही रेडिओ बरोबर असतो. बिबट्या आवाजाला भितो, असं त्यांचं म्हणणं. बिबट्याचं म्हणणं कुणी विचारलेलं नाही.

एरवी आमचे तात्या गुणी श्रोता. बाजारभाव, हवामान, उसावरची हुमणी, सगळं निमूट ऐकतात. पण ‘आज सत्तरच्या दशकातली गाणी’ एवढे शब्द कानावर पडले की कासऱ्याची गाठ अर्धवट सोडून फोन लावतात.

“हॅलो, काका, कुठून बोलताय?”

“घरनंच. दुसरीकडनं कशाला बोलू?”

“काका, आधी रेडिओचा आवाज कमी करा.”

“कमी केला तर मी काय बोलतोय ते मला कसं कळंल?”

इथून पुढे पाच मिनिटं गाण्याचा विषय निघत नाही. आधी दुरुस्त्या. निवेदिका पोरगी बावीस वर्षांची. तिच्या दृष्टीने सत्तर साल आणि सतरावं शतक यांत फारसं अंतर नाही. ती ‘शोले’ला एक वर्ष पुढेमागे करते. “ताई, १५ ऑगस्ट १९७५,” तात्या सांगतात, आणि लगेच जोडतात, “आमच्याकडं पिक्चरची पेटी उशिरा आली, पण डायलॉगची रेकॉर्ड आधीच लग्नात वाजत होती. पिक्चर बघायला गेलो तवा सगळा पाठ होता. नवीन काय, तर माणसं दिसली.”

मग हद्दीचा वाद. पोरगी म्हणते, “‘आराधना’ लावता येणार नाही काका, तो १९६९ चा.” तात्यांना हे मान्य नाही. “मुंबईत एकोणसत्तरला लागला आसंल. आमच्यापतूर यायला एकाहत्तर उजाडलं. आमच्या हिशेबानं सत्तरातच बसतोय.” या युक्तिवादाला उत्तर नाही. तालुक्याच्या गावात साल सिनेमाच्या पेटीबरोबर यष्टीने येतं.

तात्यांचं ज्ञान अफाट आहे, पण ते नुसतं कधी येत नाही. सोबत गोठा, शेजार आणि भाऊबंदकी घेऊन येतं. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लागायची. अमीन सायानींच्या आवाजासाठी तात्यांनी तांब्याची तार लिंबावर चढवली होती. १९७५ च्या वार्षिक गीतमालेत पहिला नंबर ‘रोटी कपडा और मकान’मधल्या महागाईच्या गाण्याला मिळाला, हे ते अजून सांगतात. “एवढी प्रेमाची गाणी आली न गेली. टिकली ती महागाई.” त्याच काळात त्यांनी एका कार्यक्रमाला फर्माईशीचं पोस्टकार्ड टाकलं होतं. झुमरीतलैयाची माणसं नावांची रांग लावतात, मग आपण का मागे राहायचं? घरातली माणसं संपली, तेव्हा तात्यांनी बैलांची नावं घातली. निवेदकाने ती अदबीने ‘सर्जाजी और राजाजी’ अशी वाचली. त्या रात्री बैलांना जादा पेंड मिळाली.

तात्यांचे व्याही इंदापूरचे. बारामतीपासून पन्नासेक किलोमीटर, म्हणजे शंभर वॅटचा उजेड तिथे पोचायचा प्रश्नच नाही. व्याह्यांचा यावर सिद्धांत आहे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आधी बारामतीला, मग उरलंसुरलं टेलला इंदापूरला; रेडिओचंही तसंच. “आवर्तन आमच्यापतूर येतच न्हाई, तात्या. वरचेच ऐकून घेत्यात.” अ‍ॅप, इंटरनेट हे उपाय नातवाने सुचवून पाहिले. पण हक्काचं पाणी टँकरनं घ्यायला व्याही तयार नाहीत.

तेव्हा तात्यांनी चारी काढली. कार्यक्रम लागला की ते व्याह्यांना फोन लावतात आणि फोन रेडिओला टेकवतात. व्यवस्था उत्तम आहे. अडचण एकच: गाणं सुरू झालं की तात्याही सुरू होतात. “हे वाजलं तवा आमची लाल गाय व्याली.” “ह्या गाण्याला आमच्या थोरल्यानं सायकल विहिरीत घातली.” व्याह्यांनी गेल्या तीन वर्षांत सत्तरच्या दशकातलं एकही गाणं पुरतं ऐकलेलं नाही, तात्यांच्या जनावरांची वंशावळ मात्र त्यांना तोंडपाठ आहे. स्वतःची फर्माईश लागते तेव्हा तर तात्याही ऐकत नाहीत. “नाव घेतलं का? घेतलं ना?” एवढं विचारण्यात गाणं संपतं.

इतक्या फर्माईशी करणारा हा माणूस ‘पिंजरा’मधली लावणी मात्र कधी मागत नाही. १९७२ चा सिनेमा, राम कदमांचं संगीत, नियमात चोख बसणारा. मला वाटायचं, काकूंचा धाक. काकू शुक्रवार करणाऱ्या; त्यांची फर्माईश ठरलेली, ‘जय संतोषी माँ’. एकदा तात्यांनी दबक्या आवाजात सांगून पाहिलं की लावणीही उषा मंगेशकरांची आणि आरतीही त्यांचीच. काकू म्हणाल्या, “गळा एक आसंल. ऐकणाऱ्याचं तोंड बघावं लागतं.”

खरं कारण काकूंनीच पुढे सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात तात्यांची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. चौदा वर्षांचे तात्या पाट्या भरायचे. खायला सुकडी. मुकादमाचा ट्रान्झिस्टर बाभळीला टांगलेला असायचा. लावणी लागली की बायांचे हातोडे ठेक्यावर पडायचे. काम जास्त होतं हे बघून मुकादम आवाज वाढवायचा. “त्या वर्सात सासूबाई हसल्या त्या तेवढ्याच,” काकू म्हणाल्या, आणि दळण निवडू लागल्या.

परवा पुन्हा सत्तरची गाणी लागली. कासरा सुटला, फोन लागला, चारीचं पाणी इंदापूरकडे निघालं. दोन गाणी, एक गाय आणि एक सायकल झाली. तिसऱ्याला पोरीने कुणाच्या फर्माईशीशिवाय, आपल्या मनाने ‘पिंजरा’ची लावणी लावली.

तात्यांनी फोन रेडिओला टेकवला होता. तो तसाच राहिला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. पलीकडे व्याही घाबरले. “हॅलो? तात्या? हॅलो! रेंज गेली का काय?”

काकूंनी फोन तात्यांच्या हातातून काढून घेतला.

“रेंज हाय, पाव्हणं,” त्या म्हणाल्या. “गाणं ऐकत्यात.”